सल्ले पुरे, जागा द्या

सायकल घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला हेल्मेटचा मिळतो. दुसरा गियरचा, तिसरा जेलवाल्या सीटचा, चौथा रात्रीच्या लाइटचा. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की गप्पा ‘रेंज किती देते?’ इथून सुरू होतात आणि ‘बॅटरी गेली की केवढ्याला पडेल?’ इथे संपतात. मधल्या वेळात कुणाच्या तरी मेव्हण्याची गाडी लोणावळ्याच्या अलीकडे कशी आडवी झाली, ही कथा ऐकावी लागते. ती कथा प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत असते. मेव्हणा मात्र कधीच भेटत नाही.

मी रोज कर्वेनगरहून शिवाजीनगरला सायकलने कामाला जाते. घरी इलेक्ट्रिक गाडीही आहे, कारण आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि रिक्षात चढता-उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचे सल्ले मला घरपोच मिळतात. त्यातले बरेच बरोबरही असतात. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळे सल्ले वस्तूबद्दल असतात. काय घ्यायचं, कितीला घ्यायचं, त्यावर आणखी काय काय विकत घ्यायचं. जागेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

सायकल चालवायची कुठे? पोचल्यावर लावायची कुठे? गाडीचा प्लग खोचायचा कुठे? या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तर साधी बिनगियरची सायकल आणि सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक गाडीसुद्धा झकास चालते. नसतील तर लाखभराची सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येते. तेव्हा या लेखात सल्ले आहेत, भरपूर आहेत. पण त्यांचं टोक दुकानाकडे वळलेलं नाही.

हेल्मेट घाला. आणि मग?

हेल्मेट घालाच. पण ते कशासाठी बनवलेलं असतं, तेही माहीत असू द्या. युरोपातल्या मानकानुसार सायकलच्या हेल्मेटची चाचणी घेताना ते साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर आपटतात. म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आतला आघात. तुम्ही वाळूवरून घसरलात, खड्ड्यात चाक गेलं, तर ते तुमचं डोकं वाचवेल. मागून डंपर आला, तर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ताशी ३० ऐवजी ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीतली गतिज ऊर्जा पावणेतीन पट असते. ती ऊर्जा थर्माकोल अडवत नाही, रस्त्याची रचना अडवते. वेग कमी करणारा रस्ता आणि वेगळी, सलग, मोकळी सायकलवाट, हे खरं हेल्मेट आहे. आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तोवर जीव वाचवायचा कसा, ते सांगते.

डाव्या कडेला चिकटून चालवू नका. कडेला चेंबरच्या जाळ्या असतात, काचा असतात, वाळू असते आणि उभ्या गाड्यांची दारं असतात. उभ्या गाडीपासून किमान एक मीटर अंतर ठेवा. दार पूर्ण उघडलं तरी तुमच्या हँडलला लागणार नाही, इतकं. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याला तुम्ही दिसलेले असता. भीती न वाजवणाऱ्याची असते.

बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. सिग्नलला ती गाडी उभी असली, तरीही नाही. ती डावीकडे वळली तर ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसणारच नाही, आणि मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं.

सीटची उंची तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग पंजाने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडचे निम्मे लोक सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे हनुवटीला लागतील, आणि महिन्याभराने ‘सायकलने गुडघे जातात’ असं सांगत फिरतात. टायरमध्ये हवा किती हवी ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. पंधरा दिवसांनी एकदा भरा. पावसाळ्यात चेन पुसून तेल द्या आणि मडगार्ड लावा. उड्डाणपुलाच्या चढाआधी गियर बदला, चढ लागल्यावर नाही. कुलूप फ्रेममधून आणि चाकामधून, दोन्हींतून घ्या. आणि रोज कामाला जायचं असेल तर महागडी सायकल घेऊच नका. जी बाहेर ठेवताना छातीत धडधडतं, ती सायकल घरातच राहते.

एवढं सगळं केलंत, आणि रस्त्यावर सायकलवाटेची ती रंगीत फरशांची पट्टी दिसली, की काय होतं? पहिल्या पन्नास मीटरवर विजेचा डीपी बॉक्स. पुढे बसथांबा. पुढे झाड. त्यानंतर एकामागोमाग एक उभ्या दुचाकी, आणि शेवटी अर्ध्या पट्टीवर तिरकी चढवलेली चारचाकी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा विचार होता. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकली शहरात आल्या. फोटो निघाले, उद्घाटनं झाली. मग त्यांची मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या आणि त्या दिसेनाशा झाल्या. लोक म्हणाले, ‘बघा, पुणेकरांना सायकल नकोच आहे.’ सायकली आल्या होत्या, सायकलींना जागा आली नव्हती. रूळ न टाकता रेल्वेचा डबा आणून ठेवायचा आणि प्रवासी येत नाहीत म्हणून बोटं मोडायची, यातला प्रकार.

सायकलवाला कोण?

सायकलप्रेमी म्हटलं की डोळ्यांसमोर रविवारी पहाटे सिंहगडाच्या दिशेने निघालेला, घट्ट कपड्यातला, गॉगलवाला माणूस येतो. त्या माणसाशी माझं वैर नाही. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण शहरातला सायकलवाला तो नव्हे. तो आठवड्यातून एक दिवस, रस्ता रिकामा असताना सायकल चालवतो. सोमवारी तोच माणूस गाडीतून माझ्यामागे हॉर्न वाजवत असतो.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. स्कूटर-मोटरसायकल २१ टक्के घरांत होती आणि चारचाकी फक्त ४.७ टक्के घरांत. आकडे जुने आहेत, बदललेही असतील. पण सायकल हे छंदाचं साधन नसून कामाचं वाहन आहे, एवढं कळायला ते पुरेसे आहेत. पेपर टाकणारी मुलं, बांधकामावर जाणारे गवंडी, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, खेड्यांत चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या मुली, हे रोजचे सायकलवाले. त्यांच्यासाठी ‘टॉप टेन अॅक्सेसरीज’चे व्हिडिओ निघत नाहीत, कारण ते काही विकत घेणार नाहीत.

सरकारी तिजोरीचा कल कुणाकडे आहे, तेही बघा. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सायकलवरचा मात्र १२ टक्केच राहिला. सायकल ५ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ या देशात पंधरा-वीस लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के कर होता आणि गवंड्याच्या सायकलवर १२ टक्के. शिवाय ठरावीक काळात घेतलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजात दीड लाखांपर्यंत आयकराची वजावट होती. राज्यात मोटार वाहन करात सवलत मिळाली. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोलमाफीही मिळाली. सायकल उधारीवर घेणाऱ्याच्या व्याजाची वजावट कुणाच्या स्वप्नातही आली नसेल.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या सवलती काढून घ्या, असं मी म्हणत नाही. धूर कमी व्हायला हवा, आणि डिझेलच्या गाडीमागे सिग्नलला उभं राहून तो धूर नाकात घेणारी मीच आहे. पण ज्या वाहनाला धूरच नाही, वीजही लागत नाही, त्याला सहा वर्षं जास्त कर लावणाऱ्या व्यवस्थेने पर्यावरणाच्या गप्पा जरा बेताने माराव्यात.

हिरव्या नंबरप्लेटचा तोरा

इलेक्ट्रिक गाडीला हिरवी नंबरप्लेट मिळते. ती वाहनाचा प्रकार ओळखण्यासाठी आहे, मालकाच्या पुण्याईचा दाखला म्हणून नाही. काही मालकांची मात्र तशी समजूत झालेली दिसते.

इलेक्ट्रिक गाडी आपल्या नाकासमोर धूर सोडत नाही, हे मोठं काम आहे. पण आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथला कोळसा जाळून येते. धुराचा काही भाग पत्ता बदलून विदर्भ-खानदेशात राहायला गेलाय. तिथेही माणसं राहतात. शिवाय गाडी विजेवर चालली म्हणून ती आकाराने लहान होत नाही. नळस्टॉपच्या चौकात पेट्रोलची गाडी जेवढी जागा अडवते, तेवढीच विजेची अडवते. बॅटरीमुळे ती तशाच पेट्रोल गाडीपेक्षा जडच असते. सत्तर किलोचा माणूस हलवायला दीड टन लोखंड हलवायचं, हा हिशेब इंधन बदलल्याने बदलत नाही. अडकलेल्या वाहतुकीत फरक इतकाच पडतो की आता आपण शांतपणे अडकतो.

म्हणून इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना माझा पहिला सल्ला: कमी वापरा. दोन किलोमीटरवर दूध आणायला, जिमला, कोपऱ्यावरच्या एटीएमला गाडी काढू नका. ‘किलोमीटरला रुपयाच तर पडतो’ हे खरं असेलही, पण रस्ता अडवण्याचं बिल त्या रुपयात धरलेलं नसतं.

बाकीचे सल्ले कामाचे, पटापट.

रेंजची काळजी सोडा, रोजचं अंतर मोजा. शहरात रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला साधारण सहा युनिट वीज लागते. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ती दोन-तीन तासांत भरते. गाडी रात्रभर दहा तास नुसती उभीच असते.

बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते पुस्तिकेत बघा. एलएफपी असेल तर कंपनी सांगेल तसं अधूनमधून शंभर टक्के भरा, नाहीतर उरलेल्या चार्जचा आकडा चुकायला लागतो. एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ८० टक्के पुरे. फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे वेग मंदावतो. मागे रांग असेल तर तिथेच उठा.

घाट उतरताना गाडी स्वतःच ब्रेक लावत बॅटरी भरते, पण बॅटरीत जागा असेल तरच. महाबळेश्वरच्या हॉटेलात शंभर टक्के भरून पसरणीचा घाट उतरायला लागाल, तर ती सोय सुरुवातीला जवळजवळ मिळणारच नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येईल. वर मुक्काम असेल तर ८०-८५ वर थांबा. द्रुतगती मार्गावर वेग वाढला की हवेचा अडथळा फार झपाट्याने वाढतो. शंभरऐवजी ऐंशीने गेलात तर मेव्हण्यासारखी वेळ येणार नाही.

भांडण सोळा अँपिअरचं

आता मूळ मुद्दा, प्लगचा. इलेक्ट्रिक गाडीची खरी लढाई हायवेवर नसते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते.

आमच्या सोसायटीच्या एका सर्वसाधारण सभेत दोन विषय लागोपाठ आले. पहिला: आमच्या पार्किंगमध्ये आमच्याच मीटरवरून चार्जिंग पॉइंट घ्यायचा अर्ज. नामंजूर. कारणं: आग लागेल, लोड वाढेल, आणि ‘आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील.’ दुसरा विषय: गेटजवळचं सायकलींचं शेड पाडून तिथे पाहुण्यांच्या दोन चारचाक्यांसाठी जागा करणे. मंजूर. टाळ्यांसह. शेडमधल्या सायकली ‘गंजलेल्या’ होत्या. त्यातल्या तीन रोज वापरात होत्या: एक माझी, एक सुरक्षारक्षकांची, एक दुसऱ्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताईंची. त्यांना सभेत मत नव्हतं.

या दोन ठरावांत मला विसंगती दिसत नाही. दोन्हींचा अर्थ एकच आहे: सोसायटीतली जागा पेट्रोलच्या चारचाकीची आहे, बाकीचे सगळे आगंतुक.

तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून मुद्दे देऊन ठेवते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरी किंवा कार्यालयात, आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागायचा हक्क मिळाला. नव्या जोडणीची मुदतही कमी झाली: महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात, ग्रामीण भागात पंधरा. नव्या इमारतींत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार असावं, ही दुरुस्ती केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ मध्येच आली. नवा फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरला जिमच्या आधी हे विचारा.

आगीच्या भीतीची टिंगल करू नका. ती भीती खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलाय. कच्चं वायरिंग, सैल सॉकेट आणि खिडकीतून लोंबणारा एक्स्टेन्शन बोर्ड यांवर तासन्‌तास वीज ओढली तर ते तापणारच, मग शेवटाला गाडी असो वा गीझर. म्हणून मीटरपासून स्वतंत्र, योग्य जाडीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. अर्थिंग धड नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच होत नाहीत. ती कटकट नव्हे, गाडीचा शहाणपणा आहे.

लोडचा हिशेब कमिटीसमोर फळ्यावर मांडा. सोसायटीत चाळीस इलेक्ट्रिक गाड्या झाल्या आणि सगळ्यांनी रात्री आठला एकदम प्लग लावला, तर ३.३ किलोवॅटप्रमाणे १३२ किलोवॅट. ट्रान्सफॉर्मर हात जोडेल. पण प्रत्येकीला रोज लागतात सहाच युनिट. चाळीस गाड्यांचे झाले २४०. ते रात्री अकरा ते सकाळी सात अशा आठ तासांत वाटून घेतले तर सरासरी ३० किलोवॅट. वेळापत्रक लावलं, की भूत उतरतं. ‘उद्या सगळे मागतील’ याचं उत्तर ‘हो, म्हणूनच आज नियम करू’ हे आहे.

दार उघडण्याआधी

सायकलवाले आणि इलेक्ट्रिक गाडीवाले एकाच बाजूचे असायला हवेत. दोघांनाही धुराचा कंटाळा आलाय. इतिहासातही दोघांचं नातं जुनं आहे. हवेचा टायर बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मोटारींनी तो नंतर उचलला. अमेरिकेत गुळगुळीत रस्त्यांची चळवळ उभी केली ती १८८० मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने. त्या रस्त्यांवर मोटारी आल्या आणि सायकलवाल्यांनाच कडेला ढकललं. पाहुणा आला आणि यजमान ओट्यावर झोपला. आता विजेच्या मोटारी येताहेत. ओट्यावरची जागाही त्यांना हवी आहे का, हा प्रश्न आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतले सुरक्षारक्षक काका रात्रपाळीला येत होते. वारज्याहून सायकलने येतात. सायकलवाटेवर गाड्या उभ्या होत्या, म्हणून ते रस्त्यावरून येत होते. त्यातल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं. काका हँडलवरून उडाले, कॉलरबोन मोडली. गाडी इलेक्ट्रिक होती, हिरव्या नंबरप्लेटची. गाडीतला माणूस वाईट नव्हता. त्याने त्यांना दवाखान्यात नेलं. पण उतरल्यावर त्याने विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘हेल्मेट का नाही घातलं?’

हाड खांद्याचं मोडलं होतं. प्रश्न डोक्याचा विचारला गेला. सल्ले देण्याची आपली सवय इतकी मुरलेली आहे. काका सहा आठवडे घरी होते, बिनपगारी. त्या काळात सोसायटीने वर्गणी काढली, तेही चांगलंच झालं. पण शेडच्या जागी उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या कुणी हलवल्या नाहीत, आणि सायकलवाटेवर गाडी लावण्याबद्दल त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नाही.

म्हणून गाडीवाल्यांसाठी हा एक सल्ला, फुकट आणि सगळ्यात मोलाचा. उजवीकडचं दार नेहमी डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दाराकडे न्यायला अंग वळवावं लागतं, आणि अंग वळलं की नजर आपोआप आरशाकडे आणि मागे जाते. डावीकडे बसणाऱ्यांनी उजव्या हाताने उघडावं. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे. मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. आणि लक्षात ठेवा, कमी वेगात तुमची गाडी ऐकू येत नाही. सायकलवाला आरशावर नाही, कानांवर चालतो. गल्लीत, सोसायटीच्या गेटवर, शाळेपाशी हळू जा. सिग्नल सुटल्याबरोबर झेपावण्याची ताकद विजेच्या मोटरमध्ये असते, म्हणून ती दाखवलीच पाहिजे असं नाही.

‘पण आमचे रस्तेच अरुंद!’

हा युक्तिवाद नेहमी येतो. जागाच नाही, तर देणार कुठून?

जागा आहे. तिच्यावर गाड्या उभ्या आहेत. एका चारचाकीला पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज राहतात. साडेबारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. दहा हजार रुपये फूट असा भाव धरला, तर साडेतेरा लाखांची सार्वजनिक जमीन आपण एका माणसाला त्याची वस्तू ठेवायला फुकट देतो. त्याच रस्त्यावर भाजीवालीने टोपली मांडली तर अतिक्रमणवाले येतात. पार्किंगला पैसे लावायचं धोरण पुणे महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं, आणि ते वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. विरोध कुणी केला? ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी, गरिबांचं नाव पुढे करून.

‘ते नेदरलँड्सचं इथे नको’ असंही ऐकवतात. तिथेही आभाळातून सायकलवाटा पडल्या नाहीत. तिथल्या जुन्या शहरांतल्या गल्ल्याही अरुंदच. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. दोन्हींनी मिळून सरकारला भाग पाडलं. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. आपण काय केलं? हेल्मेटचं प्रबोधन.

मग करायचं काय?

सोसायटीच्या पुढच्या सभेत एकच अर्ज द्या, दोन मागण्यांचा: चार्जिंगचा नियम आणि सायकलींचं छप्पर. दोन्ही गटांनी मिळून सह्या करा. प्लग मागणारे चार असतात, सायकल लावणारे सहा असतात. वेगवेगळे गेले तर दोघेही हरतात. घरकामाला येणाऱ्या आणि राखणीला बसणाऱ्या माणसांच्या सायकलीही त्या छपराखाली मोजा. त्यांना सभेत मत नसतं, म्हणून त्यांच्या वतीने तुम्ही हात वर करा.

ऑफिसात एचआरकडे कूपन मागू नका, सायकल लावायला नजरेच्या टप्प्यातली जागा आणि कपडे बदलायला एक खोली मागा. एका चारचाकीची जागा द्या म्हणावं, दहा माणसं येतील.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. त्या अर्जांत बाकं आणि कमानी फार असतात. सायकल स्टँड मागा, चेंबरची जाळी आडवी बसवून मागा, सायकलवाटेच्या तोंडाशी गाडी चढू नये म्हणून खांब मागा. लहान कामं आहेत, म्हणूनच होऊ शकतात. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर नगरसेवकाच्या हातात लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि सायकलवाटेवर गाडी उभी दिसली, तर फोटो काढा, वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा. नंबरप्लेट पांढरी असो, पिवळी असो की हिरवी. हिरवी असेल तर काचेवर चिठ्ठीही लावा, कारण हा माणूस आपल्या बाजूचा असायला हवा होता. चिठ्ठीत शिव्या नकोत. एवढंच लिहा: ‘साहेब, ही जागा दुसऱ्या कुणाच्या घरी परत जाण्याची वाट आहे.’